घेरियाचें चित्र

उन्हाळ्याच्या सुटींत एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहास मान देऊन आम्ही चार दिवस प्रकाशा येथें जाऊन राहिलों होतों. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील हें क्षेत्र खानदेशांत दक्षिण काशी म्हणून प्रसिद्ध आहे. केदारेश्वराचें दर्शन, घाटावरील सकाळ आणि भर दुपारीं जाड भिंतींच्या घरांत पडून वाचन, एवढाच आमचा संकल्प होता. चित्रकलेविषयीं कांहीं लिहावें लागेल असें मनांतहि नव्हतें. परंतु यजमानांच्या बैठकीच्या खोलींत एक मोठें छापील चित्र चौकट करून लावलेलें होतें. त्यांच्या वडिलांनीं तें पूर्वीं केव्हां तरी मुंबईस जुन्या पुस्तकांच्या दुकानांत घेतलें होतें. उंच डोलकाठ्यांचीं जंगी जहाजें, तोफांचा धूर, आणि पलीकडे समुद्रांत घुसलेल्या खडकावर एक किल्ला. खालीं बारीक इंग्रजी अक्षरांत ‘घेरियाचा पाडाव, फेब्रुवारी १७५६’ असें लिहिलेलें असून चित्रकाराचें नांव डॉमिनिक सेर्स असें दिलें होतें.

यजमानांचा नऊ वर्षांचा मुलगा आमच्या शेजारीं येऊन उभा राहिला. बराच वेळ चित्राकडे पाहून त्यानें विचारलें, ‘आजोबा, यांत आपली जहाजं कुठली?’

आम्ही चष्मा पुसून चित्राच्या अगदीं जवळ गेलों. उत्तर देतां येईना. जेवणाची हांक आली म्हणून त्या वेळीं सुटका झाली. पुढील लिखाण हें त्याच प्रश्नाचें लांबलेलें उत्तर आहे. तें आतां मुलाच्या उपयोगाचें राहिलें नाहीं, त्याच्या आईबापांच्या कांहीं उपयोगीं पडलें तर पडेल.

घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग. वाघोटणच्या खाडीच्या मुखाशीं असलेला हा किल्ला शिवाजी महाराजांनीं १६५३ मध्यें आदिलशाहीकडून घेतला आणि पुढें तो आंग्र्यांच्या आरमाराचें मुख्य ठाणें झाला. कान्होजी आंग्र्यांच्या हयातींत या किल्ल्यानें परकीयांचे हल्ले एकाहून अधिक वेळां परतविले. १७२० मध्यें मुंबईकर इंग्रजांनीं तोफा चढविलेला एक तरता मोर्चा मुद्दाम बांधून येथें आणला होता. त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. १७२४ मध्यें डच आले आणि तेहि हात हलवीत परत गेले. कान्होजी १७२९ त वारले. मुलांत वांटण्या झाल्या, भाऊबंदकी माजली, आणि अखेरीस विजयदुर्ग तुळाजीच्या हातीं आला. तुळाजी शूर होता, पण मोठा हेकट. सातारा, पुणें, मुंबई, गोवें, कोणाचेंहि वर्चस्व त्याला मान्य नव्हतें. १७४९ त त्यानें इंग्रज कंपनीचें ‘रिस्टोरेशन’ नांवाचें लढाऊ जहाज पकडून आपल्या ताफ्यांत घातलें. हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. त्याचें काम पुढें पडणार आहे.

सेर्सनें जो प्रसंग रंगविला आहे तो १२ व १३ फेब्रुवारी १७५६ या दोन दिवसांतील. अ‍ॅडमिरल वॉटसन आपलें राजाचें आरमार घेऊन आला होता. ‘केंट’ हें त्याचें निशाणाचें जहाज. ‘कंबरलँड’, ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’ हीं त्याच्या मागोमाग. शिवाय मुंबईकर कंपनीचीं जहाजें, आणि उखळी तोफांचे गोळे फेंकणारीं खास तारवें. पायदळाचा सेनापति रॉबर्ट क्लाइव्ह. तुळाजीचें आरमार किल्ल्याच्या आश्रयास एकमेकांस लागून नांगरलेलें होतें. उखळी तोफेचा एक पेटता गोळा नेमका त्या ‘रिस्टोरेशन’वर येऊन पडला, तें पेटलें, त्याची आग शेजारच्या गुराबेस लागली, तिची तिच्या शेजारणीस, आणि ज्या आरमारानें जवळजवळ पन्नास वर्षें कोंकणकिनाऱ्यावर दरारा बसविला होता तें कांहीं घटकांत पाण्याच्या पातळीपर्यंत जळून गेलें. पकडून आणलेल्या शत्रूच्या जहाजानेंच घर जाळावें, हा योगायोग एखाद्या नाटककारानें योजिला असता तर टीकाकारांनीं त्यास कृत्रिमतेचा दोष दिला असता.

आतां चित्राकडे वळूं. मूळ तैलचित्र १७७१ मधील असून लंडनजवळ ग्रिनिच येथील आरमारविषयक संग्रहालयाच्या संग्रहांत आहे. छापील प्रतीवरून रंगाचा न्याय करूं नये हा नियम आम्ही विद्यार्थ्यांस शिकवीत आलों आहों, तेव्हां तो येथें पाळला पाहिजे. परंतु रचनेविषयीं बोलण्यास प्रत पुरेशी आहे, आणि रचनेंतच या चित्राचें सामर्थ्य आणि न्यून दोन्ही आहेत.

सेर्सचें चरित्र मोठें मौजेचें आहे. हा मूळचा फ्रेंच, गॅस्कनींतील ओश गांवचा. घरच्यांनीं धर्मोपदेशक करावयाचें ठरविलें, म्हणून पळून जाऊन खलाशी झाला, वाढत वाढत जहाजाचा तांडेल झाला, आणि इंग्रजांच्या हातीं कैदी म्हणून सांपडून इंग्लंडांत आला. तेथेंच त्यानें कुंचला हातीं धरला. १७६८ मध्यें लंडनची रॉयल अकॅडमी स्थापन झाली तेव्हां तिच्या मूळ सभासदांत त्याचें नांव होतें, आणि पुढें तिसऱ्या जॉर्ज राजाचा तो सागरचित्रकार झाला. इंग्रजांनीं १७६२ त स्पेनपासून घेतलेल्या हवाना शहराच्या वेढ्याचीं त्याचीं चित्रें प्रसिद्ध आहेत. घेरियाचें चित्र त्याच काळांतलें. ज्याला इंग्रजी जहाजानें कैद केलें त्यानेंच पुढें इंग्रजी जहाजांचे विजय जन्मभर रंगवावे, यांत आम्हांस कडवटपणा दिसत नाहीं. तो व्यवहार होता, आणि सेर्सनें तो सचोटीनें केला.

सचोटी हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरीत आहों. समुद्रचित्राचा गिऱ्हाईक हा बहुधा दर्यावर्दी असे. त्याला आकाशाच्या छटा कळोत वा न कळोत, परंतु एखादी दोरी चुकीच्या ठिकाणीं बांधलेली दिसली तर तो चित्र परत पाठवी. म्हणून या चित्रकारांच्या जहाजांत एक प्रकारचा कारागिरीचा खरेपणा असतो. शीड कोणत्या वाऱ्यास कसें उभें राहतें, नांगरावरील जहाज प्रवाहानें कसें फिरतें, तोफेचा धूर प्रथम कसा गोळा होऊन मग कसा पसरतो, हें सेर्सनें डोळ्यांनीं पाहिलेलें होतें, आणि तें पाहणें त्याच्या चित्रांत दिसतें. क्षितिज खालीं ठेवून वर आकाशास मोकळें सोडण्याची पद्धत त्यानें डचांकडून घेतली. फान डे फेल्डे नांवाचे पितापुत्र १६७२-७३ च्या सुमारास हॉलंडांतून इंग्लंडांत आले व दुसऱ्या चार्ल्स राजाच्या आश्रयानें ग्रिनिच येथेंच चित्रें काढूं लागले. इंग्रजी सागरचित्रकलेचा उगम तो. त्या आकाशामुळेंच घेरियाचें चित्र प्रथमदर्शनीं मनास ओढून घेतें. माणसांच्या उलाढालीहून कांहीं तरी विस्तीर्ण येथें आहे असें वाटतें, आणि तें वाटणें खोटें नाहीं.

मग न्यून कोठें आहे? जुन्या फान डे फेल्डेची एक गोष्ट सांगतात ती येथें उपयोगी पडेल, कारण ती खरी आहे. डच आणि इंग्रज आरमारांच्या झुंजी चालू असतां हा गृहस्थ लहान होडीवर बसून दोन्ही आरमारांच्या आसपास फिरत असे आणि चित्रांचे आराखडे काढीत असे. परिणाम असा झाला कीं त्याच्या व त्याच्या पुत्राच्या युद्धचित्रांत प्रतिपक्षालाहि देह असतो. बुडणारें जहाज समोर असतें, त्याचें मोडलेलें सुकाणू दिसतें, पाण्यांत हातपाय मारणारीं माणसें दिसतात. विजय कोणाचा हें कळतें, पण तो कोणावर मिळविला हेंहि कळतें. महाकाव्याचा नियम निराळा नाहीं. रावण खुजा केला तर रामहि खुजा होतो, हें आपल्या जुन्या साहित्यशास्त्रकारांनीं नायकप्रतिनायकांच्या विवेचनांत केव्हांच सांगून ठेवलें आहे.

सेर्स घेरियास कधीं आला नव्हता. प्रसंगानंतर पंधरा वर्षांनीं त्यानें चित्र केलें. त्यामुळें चित्राचा सारा भार इंग्रजी ताफ्यावर पडला आहे. किल्ला आहे, पण तो समुद्रांत शिरलेला, जांभ्या दगडाचा, तिहेरी तटाचा विजयदुर्ग आहे असें म्हणण्यास आमचें मन घेत नाहीं. तो केवळ ‘शत्रूचा किल्ला’ आहे. भूमध्य समुद्राच्या कोणत्याहि किनाऱ्यावर तो उभा करतां आला असता. आणि आंग्र्यांचें आरमार? तें या चित्राचें नायक असण्याचें कारण नव्हतें, परंतु तें प्रतिनायकहि नाहीं. धुरांतला कोणता धूर तोफांचा आणि कोणता जळत्या गुराबांचा, हें ज्याला इतिहास ठाऊक असेल त्यानेंच ठरवावें.

याचा परिणाम असा होतो कीं हें युद्धाचें चित्र असून त्यांत युद्ध नाहीं. तोफा डागण्याचा सोहळा आहे. एकीकडून धूर निघतो, दुसरीकडून उत्तर येत असल्याचें भय मनास स्पर्श करीत नाहीं. इंग्रजांच्या बाजूनें मेलेले व जखमी मिळून वीसएकच होते असें त्यांचेच वृत्तांत सांगतात, तेव्हां चित्रकारास भय आणावयाचें तरी कोठून, असा त्याचा बचाव करतां येईल. बचाव बरोबर आहे. पण मग चित्रकारानें तो सोहळाच आहे हें ओळखून रंगवावयास हवा होता. झुंजीचा अविर्भाव कशास?

गुराब म्हणजे काय चीज होती हें सेर्सला ठाऊक असतें तर त्यानें तिच्यावर निश्चित लोभ केला असता, असें आम्हांस वाटतें. उथळ बुडाची, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशें ते तीनशें टनांची ही नौका. तिची नाळ लांब, निमुळती, पाण्यावर पुढें झुकलेली, आणि मोठ्या तोफा त्या नाळेवरून समोर मारा करीत. तिच्या जोडीस गलबतें, सत्तर टनांच्या आंतलीं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचीं. वारा पडला कीं युरोपीय जहाज जागच्या जागीं खिळून राही. तेंच आंग्र्यांचें वेळापत्रक. वल्हीं मारीत गलबतें निघावयाचीं, गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीस आणून उभें करावयाचीं, तेथून डोलकाठ्यांवर मारा, आणि जहाज लंगडें झालें कीं शेंदोनशें माणसें तलवारी घेऊन चोहोंकडून चढावयाचीं. १७३५ मध्यें संभाजी आंग्र्यानें कंपनीचें ‘डर्बी’ हें मोठें जहाज घेतलें. त्या जातीच्या प्रसंगाचें, वारा पडलेल्या तेलकट समुद्राचें, निर्जीव लोंबणाऱ्या शिडांचें आणि चहूंबाजूंनीं येणाऱ्या वल्ह्यांच्या रांगांचें चित्र सेर्सच्या तोडीच्या हातानें काढलेलें असतें तर तें पाहण्यास आम्ही ग्रिनिचपर्यंत पायीं गेलों असतों. विजेत्यांनीं तें काढविलें नाहीं. पराभवाचीं चित्रें पैसे देऊन कोण काढवितो?

यजमान बाजूस बसून हें ऐकत होते. ते म्हणाले, ‘सर, खरं सांगायचं तर आम्हां तापीकाठच्या माणसांना समुद्राचं काय? वडिलांनी चित्र आणलं, आम्ही लावलं. देखणं आहे एवढंच.’

आम्हीं त्यांस खिडकींतून नदी दाखविली. हेंच पाणी सुरतेखालीं समुद्रास मिळतें. १९७२ पासून वाटेंत उकाईचें धरण आहे आणि प्रकाशाजवळहि आतां बंधारा झाला आहे, म्हणून त्याचा प्रवास मंदावला, एवढेंच. त्या मुखाजवळच सुवाळीच्या बाऱ्यांत नोव्हेंबर १६१२ मध्यें टॉमस बेस्ट याच्या दोन इंग्रजी जहाजांनीं चार पोर्तुगीज गॅलियनांशीं झुंज दिली, आणि तिचा मोगल अधिकाऱ्यांवर इतका परिणाम झाला कीं इंग्रजांस सुरतेंत वखार मिळाली. मुंबई, घेरिया, कलकत्ता हीं सर्व त्या वखारीचीं नातवंडें. सुरतेच्या बाजारास जाणारा खानदेशचा माल ज्या वाटेनें गेला त्याच वाटेच्या टोकाशीं हा सारा इतिहास सुरू झाला आहे. घाटावरच्या माणसानें ‘समुद्राचें आम्हांस काय’ असें म्हणण्याची संवय जुनी आहे, आणि ती किती महाग पडली हें या चित्रांत जें दाखविलेलें नाहीं त्यावरून समजतें.

तो भाग आतां सांगितलाच पाहिजे. चित्रांत पेशव्यांची छावणी शोधून सांपडत नाहीं. ती तेथें होती. १९ मार्च १७५५ रोजीं मुंबईकर इंग्रज आणि पेशवे यांच्यांत तुळाजीविरुद्ध करार झाला. त्या करारान्वयें एप्रिलच्या आरंभीं कमोडोर जेम्स यानें समुद्राकडून आणि पेशव्यांचे सरदार रामाजी महादेव यांनीं जमिनीकडून हालचाल करून सुवर्णदुर्ग घेतला. पुढील वर्षीं विजयदुर्गावर स्वारी झाली तेव्हांहि मराठी फौज जमिनीच्या बाजूस उभी होती. तुळाजी स्वतः बोलणीं करण्याकरितां त्याच फौजेच्या गोटांत गेलेला होता, आणि किल्ला त्याच्या मेहुण्याच्या स्वाधीन होता. म्हणजे मराठी आरमार जळत असतां मराठ्यांचें लष्कर किनाऱ्यावरून तें पाहत होतें, आणि आरमाराचा धनी त्या लष्कराच्या पाहुणचारांत होता. नानासाहेबांस बंडखोर सरदार वठणीवर आणावयाचा होता. तो आला. त्याबरोबर काय गेलें याचा हिशेब पुण्यास त्या वेळीं कोणी केला असल्यास तो उपयोगीं पडला नाहीं.

इंग्रजांनीं मात्र आपला हिशेब आधींच करून ठेवला होता. मुंबईहून निघण्यापूर्वींच लुटीच्या वांटण्या कागदावर ठरल्या होत्या, आणि त्यांत मराठ्यांचा वांटा नव्हता. १२ तारखेच्या रात्रीं क्लाइव्ह माणसें घेऊन उतरला तो किल्ला आणि मराठी फौज यांच्या मधोमध. दोस्तानें आधीं आंत शिरूं नये म्हणून. दुसऱ्या दिवशीं किल्ला पडला. सुमारें दहा लक्षांची लूट त्यांनीं आपसांत वांटून घेतली. किल्ला पेशव्यांच्या हातीं यावयास त्याच वर्षींचा ऑक्टोबर महिना उजाडला, आणि त्याकरितां बाणकोट द्यावें लागलें. तुळाजी पुढें जन्मभर कैदेंत राहिला आणि कैदेंतच मेला.

आणि तीं जहाजें? ‘केंट’, ‘टायगर’ आणि ‘सॅलिसबरी’ त्याच वर्षीं बंगालकडे गेलीं. २ जानेवारी १७५७ रोजीं कलकत्ता परत घेतलें, २३ मार्च रोजीं याच तिघींनीं चंद्रनगरच्या फ्रेंच किल्ल्यावर तोफा डागल्या, जूनमध्यें क्लाइव्हनें प्लासी जिंकली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेंत वॉटसनचें जें स्मारक आहे त्यावर घेरिया, कलकत्ता आणि चंद्रनगर हीं तीन नांवें आणि त्यांच्या तारखा कोरल्या आहेत. ग्रिनिचच्या चित्रापासून थोड्या अंतरावर शूटर्स हिल नांवाच्या टेकडीवर एक तिकोनी बुरूज आहे. कमोडोर जेम्सच्या विधवेनें १७८४ मध्यें नवऱ्याच्या स्मरणार्थ बांधलेल्या त्या बुरुजाचें नांव ‘सेव्हर्नड्रूग’, म्हणजे आपला सुवर्णदुर्ग. कोंकणांतील एका किल्ल्याचें नांव लंडनच्या शाळकरी पोरांच्या तोंडीं आहे, आणि प्रकाशा येथील मुलास विजयदुर्ग आणि घेरिया एकच हें सांगावें लागतें. यांत मुलाचा दोष नाहीं.

या चित्राविषयीं आपल्याकडील सुशिक्षितांचीं दोन मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, शत्रूनें काढलेलें चित्र, भिंतीवर लावूंच नये. कोणी म्हणतात, कला ही कला, तींत आपपर पाहूं नये. आम्हांस दोन्ही मतें आळसाचीं वाटतात. पहिल्यास चित्राकडे पाहण्याचा कंटाळा आहे, दुसऱ्यास इतिहासाकडे. सेर्सचें आकाश चांगलें आहे, त्याचीं जहाजें उत्तम आहेत, आणि त्यानें जें गाळलें तें त्याच्या धन्यांस नको होतें तितकेंच आमच्या पूर्वजांसहि नको होतें. चित्रांतील ती रिकामी जागा आपणां दोघांच्या संमतीनें रिकामी राहिलेली आहे.

‘चांचे’ या शब्दाविषयीं मात्र आम्ही तडजोड करणार नाहीं. टॉमस बटर्सवर्थ नांवाचा दुसरा एक इंग्रज चित्रकार होऊन गेला. हा आरमारांत नोकरी करून जखमी झालेला माणूस. त्यानें मुंबईच्या आरमारांतील ‘ऑरोरा’ नांवाच्या लहान लढाऊ जहाजावर १८१२ त झालेल्या मराठ्यांच्या हल्ल्याचें चित्र काढलें आहे. तेंहि ग्रिनिचलाच आहे. हें खरोखर जहाजांजहाजांतील झुंजीचें चित्र, आणि आमच्या मतें सेर्सच्या चित्राहून जिवंत. कारण येथें मराठी नौका निदान चालून येते, तिला हेतु आहे, तिच्यामुळें इंग्रजी जहाजावर कांहीं तरी प्रसंग ओढवला आहे. परंतु चित्राच्या नांवांत ‘मराठे चांचे’ असे शब्द आहेत, आणि प्रेक्षक चित्र पाहण्यापूर्वीं नांव वाचतो. कान्होजी आंग्रे छत्रपतींचे सरखेल होते. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजानें त्यांचें दस्तक घ्यावें, न घेईल तें धरावें, असा त्यांचा रिवाज. पोर्तुगीज दोनशें वर्षें हाच रिवाज चालवीत आले होते आणि त्यास कोणी चांचेगिरी म्हटलें नाहीं. मराठ्यांच्या कागदाचे पैसे भरावयाचे नव्हते, म्हणून कागद देणारा चांचा ठरला. तुळाजीनें या अधिकाराचा पुष्कळ गैरवापर केला हें आम्ही नाकारीत नाहीं. पण गैरवापर अधिकाराचाच होऊं शकतो. स्वतंत्र भारताच्या आरमारानें १९५१ मध्यें मुंबईंतील आपल्या ठाण्यास ‘आंग्रे’ हें नांव दिलें, तेव्हां त्या शब्दाचें उत्तर दिलें गेलें असें आम्ही समजतों.

‘पण सर, आपल्या लोकांनी समुद्रावरच्या लढाईचं चित्र काढलंच नाही ना?’ यजमानांनीं विचारलें. धुरंधरांसारख्या चित्रकारांनीं शिवकालीन प्रसंग रंगविले, ते त्यांस ठाऊक होते. दरबार, घोडे, गड. आरमार त्यांत कोठें?

काढलें आहे, फक्त रंगांनीं नव्हे. मुंबईंत बोरिवलीजवळ एकसर म्हणून गांव होतें, आतां तें शहरांत बुडालें आहे. तेथें सहा वीरगळ उभे आहेत. त्यांतील कांहींवर समुद्रयुद्ध कोरलेलें आहे. शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यांतील १२६५ च्या सुमाराची ती लढाई असावी असें कांहीं विद्वानांचें मत आहे. दगड त्याहून जुने मानणारेहि आहेत. आम्हीं ते पुष्कळ वर्षांपूर्वीं पाहिले. तळच्या पट्टींत डोलकाठ्या असलेल्या नौका एकामागून एक ओळीनें येतात, त्यांच्या कडेनें वल्ह्यांच्या रांगा कंगव्याच्या दांत्यांसारख्या उतरलेल्या. वरच्या पट्टींत झुंज. त्याच्या वर मेलेल्या वीरास अप्सरा घेऊन जातात, आणि अगदीं शेंड्याजवळ शिवाची पूजा.

या शिल्पास समुद्र येत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. पाणी म्हणजे नौका ठेवण्याची एक फळी आहे. वारा नाहीं, आकाश नाहीं, दूर आणि जवळ यांत भेद नाहीं. सेर्सचा सर्वांत मंद शिष्यहि या बाबतींत त्या पाथरवटास हंसला असता. परंतु त्या पाथरवटास एक गोष्ट ठाऊक होती ती सेर्सच्या चित्रांत आम्हांस आढळली नाहीं. लढाईंत माणूस मरतो, हें तो जाणत होता. त्याचा सारा दगड त्या एका मरणासाठीं उभा केलेला आहे. कोण जिंकलें हें दगडावरून कळत नाहीं, आणि आतां तर मेलेल्याचें नांवहि उरलें नाहीं. तरी त्याच्यापुढें उभें राहिलें म्हणजे कोणी तरी येथें गेलें एवढें कळतें. विजयदुर्गाच्या पाण्यांत १२ फेब्रुवारीस जळत्या गुराबांवरून उड्या टाकणारे भंडारी, कोळी, मुसलमान खलाशी यांच्यासाठीं असा एखादा दगड कोणीं उभारलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. जुलै २०२५ मध्यें विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी व सिंधुदुर्ग हे किल्ले इतर मराठी किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादींत गेले. तटबंदीची आतां चांगली निगा राहील. खलाशांची गोष्ट वेगळी.

निघण्याच्या आदल्या दिवशीं यजमानांनीं चित्र भिंतीवरून उतरविलें. काच पुसावयाची होती, आणि इंग्रजी ओळीखालीं एक मराठी ओळ लावावी अशी त्यांची इच्छा होती, म्हणजे मुलास पुन्हा विचारावें लागणार नाहीं. आम्हीं कागदाच्या पट्टीवर लिहून दिलें: ‘विजयदुर्गावरील इंग्रजी आरमाराचा हल्ला, १२-१३ फेब्रुवारी १७५६. सरखेल आंग्र्यांचें आरमार या दिवशीं जळालें. पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूनें किनाऱ्यावर होती. ती चित्रांत नाहीं.’

यजमानांनीं पट्टी दोनदां वाचली. ‘शेवटचं वाक्य ठेवायचंच का, सर? घरीं येणारे-जाणारे वाचतील.’

मुलगा डिंकाची बाटली घेऊन उभाच होता. पट्टी होती तशी लागली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही शहाद्याची गाडी धरण्यास निघालों तेव्हां तो ती आपल्या एका मित्रास मोठ्यानें वाचून दाखवीत होता, आणि ‘सरखेल’ या शब्दाशीं अडला होता.